कोरड्या थंडीचा बंदोबस्त

पृथ्वीचे तापमान वाढत चालले आहे ही वार्ता कानी आली म्हणजे उष्ण प्रदेशातला माणूस धास्तावतो, आणि त्याच वेळी त्याच्या मनात असाही एक विचार येऊन जातो की, जिथे हिवाळ्याचे कित्येक महिने ओढ्यांचे पाणी गोठलेलेच असते, जिथे पौष-माघातल्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, त्या लडाखसारख्या मुलखातील माणसांना तरी ही वाढ सुखावह होत असेल. विचार स्वाभाविक आहे. परंतु लडाखच्या घरांचा, वस्त्रांचा, पाण्याच्या वाटपाचा आणि हिवाळ्यातील लोकजीवनाचा इतिहास जो कोणी लक्षपूर्वक पाहील, त्याला हा विचार टिकण्यासारखा नाही असे दिसून येईल. थंडी वेळच्या वेळी येईल आणि हवा कोरडी राहील, या दोन गोष्टींवर सर्वस्वी भरवसा ठेवून लडाखी माणसाने आपले स्वास्थ्य शतकानुशतके सांभाळले. आणि आज हवामान पालटते आहे ते नेमके याच दोन गोष्टींना धक्का देत पालटते आहे.

हिमालयाची मुख्य रांग आणि काराकोरमच्या रांगा यांच्यामध्ये, सिंधू नदीच्या वरच्या खोऱ्यात हा मुलूख पसरलेला आहे. मोसमी वाऱ्यांनी वाहून आणलेले ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात, आणि पलीकडे पोहोचते ती केवळ कोरडी हवा. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षभरात पाऊस व बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंचांच्या आसपास पाणी पडते; मुंबईत आषाढातल्या एखाद्या दिवशी एवढा पाऊस सकाळ-संध्याकाळच्या आत पडून जातो. डोंगर उघडे, माती पिवळसर करडी, आणि जिथे ओढ्याचे पाणी पाटाने फिरवले आहे तिथे तेवढा हिरव्या शेताचा तुकडा, असे या प्रदेशाचे रूप आहे.

माणसाला थंडी किती वाजते हे एकट्या पाऱ्यावर ठरत नाही. वारा किती आहे, अंगावरचे कापड कोरडे आहे की दमट, सभोवतालच्या भिंती उष्णता देतात की शोषून घेतात, आणि ऊन अंगावर पडते की नाही, या साऱ्यांचा हिशेब शरीर आपल्यापुरता करीत असते. ओलसर लोकर पुरेशी ऊब धरीत नाही. कोरडी लोकर शून्याखालीही धरते. उंचीमुळे हवा विरळ आणि आकाश निरभ्र असल्याने लडाखात सूर्यकिरणांचा दाह भर हिवाळ्यातही प्रखर असतो. म्हणून जानेवारीतल्या दुपारी, वारा पडलेला असताना दक्षिणाभिमुख भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला वरचे जाड वस्त्र सैल करावेसे वाटते, आणि त्याच घराच्या उत्तरेच्या अंगाला भरून ठेवलेल्या बादलीतले पाणी दिवसभर दगडासारखे राहते. लडाखी घराची सारी रचना या एका अनुभवातून झालेली आहे.

ज्यांच्यापाशी ही रचना नव्हती त्यांची काय गत झाली, याचा एक दाखला इतिहासाने राखून ठेवला आहे. जम्मूच्या राजा गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग याने १८३४ साली लडाखवर स्वारी करून तो मुलूख डोग्रा अमलाखाली आणला, आणि पुढे १८४१ साली पश्चिम तिबेट जिंकण्याच्या ईर्षेने तो मानससरोवराच्याही पलीकडे गेला. डिसेंबर महिन्यात तकलाकोटजवळ तिबेटी फौजेने त्याला गाठले तेव्हा त्याचे शिपाई पंधरा हजार फुटांच्या आसपासच्या उंचीवर उघड्या मैदानात होते. अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लडाखविषयक ग्रंथात या युद्धाचा वृत्तांत दिला आहे. शिपायांच्या हातापायांची बोटे गारठून निकामी झाली होती आणि बंदुकांचे लाकडी दस्ते जाळून ते शेकत होते, असे त्यात नमूद आहे. जोरावरसिंग त्या लढाईत पडला आणि त्याच्या फौजेतले थोडेच लोक परत फिरले. जम्मूच्या डोंगरातले ते काटक शिपाई शौर्यात उणे नव्हते; पण ज्या ऋतूत त्या मुलखातला शेतकरी जाडजूड भिंतींच्या आत चुलीभोवती बसलेला असतो, आणि पशुपालक चांगपा आपल्या याकच्या केसांच्या तंबूत, ज्याला ते ‘रेबो’ म्हणतात, वाऱ्याचा आडोसा पाहून उतरलेला असतो, त्या ऋतूत निराधार राहण्याचे ते प्रायश्चित्त होते.

आता हे घर कसे असते ते पाहू. पायथ्याशी दगड, त्यावर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, आणि त्या भिंतींची जाडी दीड-दोन हात. तळमजल्यावर गुरे, शेळ्या-मेंढ्या आणि चारा. त्यावर हिवाळ्यात राहण्याचा मजला, ज्याच्या मध्यभागी स्वयंपाकघर. त्याहीवर उन्हाळ्यात वापरायच्या मोकळ्या खोल्या आणि देवघर. खाली बांधलेल्या जनावरांच्या अंगची ऊब वरच्या मजल्याला मिळते. उत्तरेकडे खिडकी ठेवायची नाही किंवा ठेवलीच तर वीतभर, आणि खिडक्यांची दाटी करायची ती दक्षिणेकडे, असा दंडक. घराच्या एका बाजूला कोरडा शौचकूप असतो. त्यात पाणी न वापरता माती व राख टाकतात, आणि वसंतात ते खत शेतात जाते. जिथे पाणी गोठते आणि नळ फुटतात, तिथे याहून शहाणपणाची दुसरी तजवीज मला तरी सुचत नाही.

या घराचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे त्याचे सपाट छप्पर, आणि मराठवाड्यातले किंवा सोलापूरकडचे माळवद ज्याने पाहिले आहे त्याला ते ओळखीचेच वाटेल. पॉप्लरच्या ओंडक्यांच्या तुळया भिंतींवर टाकतात. त्यांवर वाळुंजाच्या कुळातल्या विलो झाडाच्या अंगठ्याएवढ्या सोललेल्या काड्या एकीला एक चिकटवून आडव्या मांडतात, ज्यांना लडाखी लोक ‘तालू’ म्हणतात. त्यांवर सुके गवत पसरतात, त्यावर साध्या मातीचा थर, आणि सर्वांत वर ‘मारकालाक’ नावाच्या चिकण मातीचा लेप देऊन तो पायांनी व चोपणीने दाबून बसवतात. खालून पाहिले तर काड्यांची ती ओळ चटईच्या विणीसारखी सुबक दिसते. बर्फ पडले की घरातले कोणीतरी पहाटे वर जाऊन लाकडी फावड्याने ते खाली लोटून देते, म्हणजे ते वितळून मातीत मुरत नाही. छपराच्या कडेने चाऱ्याच्या पेंढ्या, काटक्यांचे भारे आणि शेणाच्या गोवऱ्या रचून ठेवलेल्या असतात. तो हिवाळ्याचा साठा तर असतोच, शिवाय भिंतीच्या माथ्यावर थंडी रोखणारा एक थरही तो होतो, आणि कोणत्या घरात किती सुबत्ता आहे हे गावाला त्यावरून कळते.

असे छप्पर चार इंच पावसाच्या मुलखातच शोभते. त्याला उतार नाही, पागोळ्या झेलणारी वळचण नाही, आणि संततधार पावसात ते दोन दिवसही निभावणार नाही. परंतु जोवर हवा कोरडी आहे तोवर याच मातीच्या व लाकडाच्या कामाने काय साधते ते पाहायचे असेल तर आल्चीचे मंदिर पाहावे. तिथल्या मातीच्या भिंतींवरील चित्रे अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमाराची, आणि त्यांचे निळे-तांबडे रंग आजही डोळ्यांत भरतात. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने लेहच्या टेकडीवर उभारलेला नऊ मजली राजवाडा दगड, माती आणि लाकूड यांचाच आहे. बासगोच्या किल्ल्यातील मातीच्या भिंतींची मंदिरे तर गावकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन सावरली, आणि त्या कामाला २००७ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला.

घरातले स्वयंपाकघर हे हिवाळ्यातले खरे घर. मध्यभागी चूल, जुन्या काळी मातीची व पुढे नक्षीदार लोखंडी. भिंतीवरच्या फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने मांडलेली, त्यांतली चांगली ती बहुधा चिलिंग गावच्या कारागिरांनी घडवलेली. चुलीपासून जी बैठक सुरू होते तिच्यात वयाचा व मानाचा क्रम काटेकोर पाळला जातो. आजोबा, म्हणजे ‘मेमे-ले’, चुलीच्या सर्वांत जवळ, आणि तरुण मुले दाराच्या बाजूला. खारट लोण्याचा चहा दिवसभर उकळत असतो, आणि भाजलेल्या जवाच्या पिठाबरोबर तो वारंवार घेतला जातो. कोरड्या हवेत श्वासागणिक शरीरातले पाणी उडत असते, हे लक्षात घेतले म्हणजे या चहाचे प्रयोजन समजते. ओठ व गाल उलू नयेत म्हणून जर्दाळूच्या बियांचे तेल लावतात.

अंगावर ‘गोन्चा’ नावाचा घोळदार लांब झगा, मेंढीच्या लोकरीच्या ‘नाम्बू’ या जाड कापडाचा; कमरेला घट्ट गुंडाळलेला पट्टा; आणि बायकांच्या पाठीवर केस आतल्या बाजूला घेतलेले मेंढीचे किंवा शेळीचे कातडे. ज्या लोकरीमुळे लडाखचे नाव दिल्लीपासून युरोपपर्यंत गेले ती पश्मीना मात्र लडाखी शेतकऱ्याच्या अंगावर क्वचितच असे. ती चांगथांगच्या पठारावरील शेळ्यांच्या अंगी कडाक्याच्या थंडीमुळेच येते. वसंतात शेळीच्या मूळ केसांखालची ही मऊ लव विंचरून काढतात आणि ती काश्मीरच्या विणकरांकडे जाते. या व्यापारावर केवढी राज्यकारणे झाली! १६८४ साली लडाख आणि तिबेट यांच्यात तिंगमोसगांग येथे झालेल्या तहात पश्चिम तिबेटातली ही लोकर लडाखच्या वाटेने काश्मीरकडेच जावी असे ठरले. १८२० साली लेहला पोहोचलेला विल्यम मूरक्रॉफ्ट हा कंपनी सरकारचा पशुवैद्य, जो तिथे सुमारे दोन वर्षे राहिला, तोही घोड्यांच्या शोधाबरोबर या लोकरीचीच बारकाईने चौकशी करीत होता. थंडी हे या मुलखाचे उत्पन्नाचेही साधन होते, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

हिवाळा हा विसाव्याचा आणि उत्सवाचा काळ. शेते गोठलेली, रस्ते बंद. मग सूत काढावे, विणावे, लग्ने लावावीत, गोंप्यांतले, म्हणजे बौद्ध मठांतले, मुखवट्यांचे नृत्योत्सव पाहावेत. लडाखी नववर्ष, म्हणजे लोसार, तिबेटच्या लोसारच्या सुमारे दोन महिने आधी, डिसेंबरच्या सुमारास येते. युद्धावर निघालेल्या जामयांग नामग्याल राजाने ते आधी साजरे करविले आणि तेव्हापासून ती रूढी पडली, असे परंपरा सांगते. केसर या वीराची कथा चुलीभोवती रात्रीच्या रात्री चाले, आणि ती हिवाळ्यातच सांगायची असा संकेत होता. मोराव्हियन या ख्रिस्ती मिशनचे ए. एच. फ्रांके यांनी अशा कथनांतूनच तिची संहिता टिपून घेतली. त्याच मिशनच्या लोकांनी लेहच्या बायकांना सुयांवर मोजे विणायला शिकवले.

या जीवनाचे केवळ गोडवे गाणे मला उचित वाटत नाही. धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात शेणाच्या गोवऱ्यांचा धूर दाटून राही आणि छपरातल्या भोकातून जेमतेम बाहेर जाई. वसंतात धुळीची वादळे उठत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासांत, ज्यांत लेहचेच डॉक्टर त्सेरिंग नोर्बू प्रमुख होते, असे आढळले की ज्यांनी आयुष्यात कधी खाण पाहिली नाही अशा गावकऱ्यांच्या फुप्फुसांत खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस झालेला आहे, आणि चुलीच्या धुराचा श्वसनावर जो परिणाम होतो तो बायकांना अधिक भोगावा लागतो. जुन्या लोकांनी थंडीचा बंदोबस्त केला. पण त्याची किंमत श्वासाने मोजली.

आणि या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी पाणी होते. लडाखात शेत पिकते ते पावसाने नव्हे, तर वितळलेल्या बर्फाने. पेरणीच्या वेळी, एप्रिल-मे महिन्यांत, गावाला पाणी लागते, आणि त्या वेळी वरच्या हिमनद्या अजून गोठलेल्याच असतात. तेव्हा आधार असतो तो खालच्या उतारांवर हिवाळ्यात पडून राहिलेल्या बर्फाचा. त्या थोड्या पाण्याची वाटणी करण्यासाठी गाव ‘छुरपोन’ नावाचा अधिकारी नेमी. रात्री पाणी ‘झिंग’ या तळ्यात साठवायचे आणि दिवसा पाळीपाळीने सोडायचे, कोणाच्या शेताला आधी, कोणाच्या नंतर, फावडे केव्हा घालून पाट वळवायचा, हे सारे ठरलेले. डोग्रा अमदानीत लेहला वझीर-ए-वजारत हा डोग्रा अधिकारी बसून कारभार पाहू लागला, आणि जमिनीचा बंदोबस्त झाला त्या वेळी गावोगावचे हे पाण्याचे दस्तूर ‘रिवाज-ए-आबपाशी’ या नावाने महसुली दप्तरात लिहून ठेवण्यात आले. पाण्याचा तंटा उद्भवला म्हणजे या कागदांचा हवाला आजही दिला जातो. मात्र कारकुनाने गावाचा दस्तूर जेव्हा शाईने पक्का केला, तेव्हा बर्फ केव्हा पडेल आणि केव्हा वितळेल हे त्याने गृहीतच धरलेले होते. ते कलम कोणी लिहिले नाही, कारण ते कधी बदलेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा मुलूख झपाट्याने बाहेरच्या जगाशी जोडला गेला. २४ मे १९४८ रोजी हवाई दलाचे मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहच्या वाळूत पहिले विमान उतरवले. पुढे श्रीनगरहून मोटारीचा रस्ता झाला, १९६२ नंतर लष्कराचा मोठा तळ पडला, आणि १९७४ साली परकीय प्रवाशांना दार उघडले. रस्त्याने काच आली, पत्र्याची धुराड्याची शेगडी, म्हणजे बुखारी आली, रॉकेल आले. हे सारे अनिष्ट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बुखारीच्या नळीने धूर बाहेर गेला. काचेमुळे घराच्या दक्षिणेला ‘शेलखांग’ ही काचेची खोली करता आली, जिथे हिवाळ्याच्या दुपारी शेगडीवाचून बसता येते. ज्यांना काच परवडत नाही ते शरद ऋतू सरता सरता दक्षिणेच्या भिंतीला लाकडी चौकट ठोकून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणतात, आणि वसंतात ते गुंडाळून ठेवतात. परंतु याच रस्त्याने सिमेंटही आले, आणि सिमेंटचे घर हे प्रतिष्ठेचे घर झाले. त्याच्या पातळ भिंती दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत धरून ठेवीत नाहीत. सूर्य मावळला की खोली बर्फाच्या पेटीप्रमाणे थंड होते, आणि मग रॉकेल, कोळसा, गॅस व वीज यांवाचून तरणोपाय उरत नाही.

हवामानाचा पालट आला तो अशा संक्रमणात सापडलेल्या समाजावर. कांग यात्से पर्वताभोवतालच्या हिमनद्यांचे क्षेत्र १९६९ ते २०१० या काळात सुमारे १४ टक्क्यांनी घटल्याचे उपग्रहचित्रांच्या आधारे केलेल्या अभ्यासात आढळले. पण गावकऱ्याला हिमनदी मागे हटलेली दिसण्याआधी जाणवला तो खालच्या उतारांवरच्या बर्फाचा तुटवडा. हिवाळा मवाळ झाला आणि बर्फ कमी पडले, की एप्रिलात ओढा कोरडा. झांस्करमधील कुमिक हे त्या खोऱ्यातल्या फार जुन्या गावांपैकी एक. त्याच्या डोक्यावरचा बर्फाचा पट्टा आक्रसत गेला, ओढ्याचे पाणी पुरेनासे झाले, आणि अखेर गावाने आपली जागा सोडून नदीजवळच्या मारथांगच्या ओसाड माळावर स्थलांतर करण्याचा निर्णय घेतला. स्वतः कालवा खणून तिथे पाणी नेण्यास आरंभ केला. थंडी कमी झाली म्हणून त्या माणसांना सुख लाभले असे कोण म्हणेल? घर सोडावे लागलेल्या माणसाला दोन अंशांची ऊब काय कामाची?

दुसरीकडे, जे बर्फ पडते ते अवेळी आणि एकदम पडू लागले. २०१३ च्या आरंभी चांगथांगवर इतके बर्फ कोसळले की चारा गाडला गेला आणि पश्मीनाच्या हजारो शेळ्या-करडे उपाशी मरण पावली. चांगपा थंडीला भीत नाही. त्याचा कळप थंडीवरच जगतो. त्याला कोरडी थंडी हवी, जिच्यात वारा पठारावरचे बर्फ उडवून नेतो आणि गवत उघडे राहते.

आणि ज्या गोष्टीची या घरांनी कधी अपेक्षाच केली नव्हती ती २०१० साली घडली. ५ ऑगस्टच्या रात्री, ६ तारीख उजाडण्याआधी, लेह आणि आसपासच्या दऱ्यांवर ढगफुटी झाली. उघड्या डोंगरांवरचे माती-गोटे घेऊन चिखलाचे लोंढे उतरले. चोगलमसर, साबू, फ्यांग आणि लेह शहराचा खालचा भाग उद्ध्वस्त झाला. दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. लोंढ्याच्या तडाख्यात काही क्षणांत मातीच्या भिंती विरघळल्या, जे घर चार पिढ्या उभे होते त्याच्या जागी सकाळी केवळ चिखल होता. त्या रात्रीनंतर मातीच्या घराविषयी लोकांच्या मनात भय बसले, आणि ते समजण्यासारखे आहे. मात्र माझे मत असे की, त्या अनर्थाचा सगळा दोष मातीच्या माथी मारणे योग्य नव्हे. ओढ्यांच्या जुन्या पात्रात आणि पंख्यासारख्या पसरलेल्या गाळाच्या भूमीवर नव्या वस्त्या गेल्या अर्धशतकात वसल्या होत्या, आणि अशा जागी येणारा दगडगोट्यांचा लोंढा सिमेंटच्या भिंतीलाही जुमानीत नाही. जुनी माणसे ओढ्याच्या तोंडाशी घर बांधायला धजत नसत.

तरीही छपराचा प्रश्न उरतोच. लोंढा एखाद्या वर्षी येईल. पण उन्हाळ्यातला रेंगाळणारा पाऊस, जो पूर्वी अपवाद होता, तो आता सपाट छपरांतून झिरपू लागला आहे. तालूच्या काड्या कुजतात, भिंतीचा माथा भिजतो, आल्चीसारख्या ठिकाणी ओल चित्रांपर्यंत उतरते. लोक मातीच्या थराखाली प्लास्टिक घालतात, कोणी वर उतरता पत्रा ठोकतो. पत्रा पावसाला आवरतो, पण छपरावर चारा-गोवऱ्या रचण्याची, ऊन खाण्याची, जर्दाळू वाळवण्याची जागा हिरावून घेतो. आणि दमट झालेल्या भिंतीची ऊब धरण्याची शक्ती उणावते. म्हणजे पारा तोच असला तरी माणसाला थंडी अधिक बोचते.

उन्हाळ्यातही नवेच दुखणे उभे राहिले आहे. जाड मातीच्या घरात जुलैची दुपार शीतल असे. सिमेंट आणि मोठाल्या काचांच्या खोल्या त्याच दुपारी तापतात. २०२४ च्या जुलैअखेर लेहचे तापमान तीस अंशांच्या वर गेले, आणि एवढ्या उंचीवरची मुळातच विरळ असलेली हवा उष्णतेने आणखी विरळ झाल्यामुळे विमानांना उड्डाण करणे अशक्य होऊन काही फेऱ्या रद्द कराव्या लागल्या.

या संकटापुढे लडाखी माणूस हात जोडून बसलेला नाही. सरकारी ग्रामविकास खात्यात अभियंता असताना चेवांग नोर्फेल यांनी १९८७ पासून गावाच्या वर, सावलीच्या बाजूला, दगडी बांध घालून हिवाळ्याचे वाया जाणारे पाणी थरांनी गोठवण्यास सुरुवात केली; हिमनदीहून कमी उंचीवर असल्यामुळे हे बर्फ नेमके पेरणीच्या वेळी वितळते. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. लडाखी अभियंते सोनम वांगचुक यांनी हीच कल्पना पुढे नेऊन, नळाने उंचावरून आणलेले पाणी थंड रात्री हवेत उडवून स्तूपाच्या आकाराचा बर्फाचा ढीग उभा केला. आकार शंकूचा असल्याने आकारमानाच्या मानाने उन्हाला तोंड देणारा पृष्ठभाग कमी, आणि म्हणून तो उशिरा वितळतो. पण या दोन्ही युक्त्यांना कडाक्याच्या रात्री लागतात, हे विसरून चालणार नाही. हिवाळा जसजसा मवाळ होईल तसतसे हे औषधही दुबळे होईल.

घराच्या बाबतीतही प्रयत्न झाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दक्षिणेची भिंत काळी रंगवून तिच्यापुढे काच लावण्याची, मधली तापलेली हवा झरोक्यांतून खोलीत सोडण्याची पद्धत लडाखात आली. वांगचुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या सेकमोल या संस्थेने फे गावाजवळ ठोकून बसवलेल्या मातीच्या जाड भिंतींचे विद्यालय बांधले. तिथे बाहेर पारा शून्याखाली पंधरा अंशांवर असताना शेगडी न पेटवता मुले आत अभ्यास करतात. त्या इमारतीला २०१६ साली फ्रान्समधील लियों येथे मातीच्या वास्तूंसाठी असलेला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या घराचे तत्त्व तेच, ऊन घ्यायचे आणि मातीत साठवायचे. पाया दगडाचा, उंच व पक्का, आणि छपराची कड भिंतीच्या बाहेर काढलेली, एवढी दुरुस्ती केली की पावसाच्या नव्या वागणुकीलाही ते तोंड देऊ शकते. सरकारी बांधकामांत हीच पद्धत आधी यावी. शाळा आणि दवाखाना मातीचा झाला, तर मातीचे घर बांधताना गावकऱ्याला कमीपणा वाटणार नाही.

मुंबई-पुण्याहून दर उन्हाळ्यात जे असंख्य मराठी प्रवासी लेहला जातात त्यांना माझी एक विनंती आहे. तिथे उतरायचे तर गावातल्या एखाद्या जाड मातीच्या भिंतींच्या घरात उतरा. दिवसाला बादलीभर पाण्यात भागवा, कारण तुमच्या खोलीतल्या नळाचे पाणी बहुधा कूपनलिकेने जमिनीतून उपसलेले असते आणि त्याच जमिनीवर खालच्या शेताचा झरा अवलंबून असतो. घरच्यांनी कोरडा शौचकूप दाखवला तर तो वापरायला कचरू नका. आणि आपल्याला मातीचे घर आवडले हे त्या घरच्या आमा-लेंना, म्हणजे आईला, निघण्यापूर्वी आवर्जून सांगा.